पाण्यांतील पानांचे रंग आणि प्रकाश

घरांत माशांची कांचेची टाकी ठेवण्याची हौस आपल्या शहरांतून आतां चांगलीच रुजली आहे. ज्यानें मासे पाळले, त्याला लौकरच त्या टाकींत चार रोपें लावावीं असेंही वाटूं लागतें. तो दुकानांत जातो. तेथील झगझगीत दिव्याखालीं एखाद्या नाजूक रोपाचे शेंडे गुलाबी-तांबडे दिसतात, आणि तें रोप तो मोठ्या आवडीनें घरीं घेऊन येतो. पंधरा दिवस जातात, तीन आठवडे जातात. नवीं पानें येतात, पण तीं येतात हिरवीं. तांबड्या रंगाचा मागमूसही उरत नाहीं. मग घरांत तर्क सुरू होतात. कोणी म्हणतो, दुकानदारानें फसविलें. कोणी म्हणतो, नळाचें पाणी बाधलें. कोणाला रोपाला रोग लागल्याची शंका येते. आणि बहुधा अखेरीस असें ठरतें, कीं टाकीवर आणखी एक प्रखर दिवा बसवावा.

या निर्णयाविषयींच आज मला आपल्याशीं चार शब्द बोलावयाचे आहेत. तांबडें पान हिरवें झालें म्हणून रोप आजारी पडलें असें समजण्याचें कारण नाहीं. मिळणाऱ्या प्रकाशाचा हिशोब करून त्यानें आपला खर्च कमी केलेला असतो. हा हिशोब आपल्याला वाचतां आला, तर टाकी सुखानें नांदते. तो न वाचतां नुसता दिवा वाढविला, तर पानांच्या रंगापायीं माशांच्या जिवावर बेतण्याचा संभव असतो. म्हणून हा विषय वरवर हौसेचा दिसला, तरी नीट समजून घेण्याजोगा आहे.

प्रथम हिरव्या रंगाचाच विचार करूं. पानाच्या पेशींत सूक्ष्म हरितकण असतात, आणि त्यांत हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल, भरलेलें असतें. प्रकाशाच्या बळावर पाणी आणि कर्बाम्ल वायु, ज्याला आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतों, यांपासून साखर बनविण्याचें काम हे हरितकण करतात. त्या कामांत प्राणवायु मोकळा होतो. प्रकाशाचा या क्रियेशीं असलेला संबंध प्रथम उघडकीस आला, तो पाण्यांत बुडविलेल्या पानांवरूनच. १७७९ सालीं यान इंगेनहौस या डच वैद्यानें पानें पाण्यांत ठेवून पाहिलीं. उन्हांत त्यांच्यावर वायूचे बुडबुडे जमत आणि अंधारांत ते थांबत. आपल्याकडे आचार्य जगदीशचंद्र बसु यांनीं तळ्यांतून सहज मिळणारी हैड्रिला ही वनस्पति घेऊन, तिच्या बुडबुड्यांची आपोआप नोंद करणारें यंत्र बनविलें, आणि या विषयावरील आपला ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध केला. आपल्या टाकींतल्या पानांवर दुपारीं मोत्यांसारखे बुडबुडे दिसतात, ते याच कामाची साक्ष देतात.

पांढऱ्या दिसणाऱ्या प्रकाशांत अनेक रंग मिसळलेले असतात हें आपणांस ठाऊक आहेच. हरितद्रव्य त्यांपैकीं तांबडा आणि निळा प्रकाश भरपूर शोषून घेतें. हिरवा त्या मानानें कमी शोषतें. जो प्रकाश पानानें घेतला नाहीं तोच आपल्या डोळ्यांकडे येतो, आणि म्हणून पान हिरवें दिसतें. १८८२ सालीं एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञानें याची मोठी सुरेख परीक्षा घेतली. शेवाळाच्या एका तंतूवर त्यानें लोलकांतून निघालेला रंगपट्टा पाडला, आणि प्राणवायूकडे धांव घेणारे जंतु त्या पाण्यांत सोडले. ते जंतु तांबड्या आणि निळ्या भागापाशीं गर्दी करून बसले. प्राणवायु तेथेंच अधिक निघत होता, हें त्यावरून सिद्ध झालें.

आतां तांबडीं पानें घेऊं. त्यांत हरितद्रव्य नसतें असा पुष्कळांचा समज असतो, पण तो बरोबर नाहीं. याचा पडताळा स्वयंपाकघरांतच घेतां येतो. तांबड्या माठाचीं पानें पाण्यांत उकळावीं. पाणी लाल होतें, आणि पानांचा झांकलेला हिरवटपणा उघडा पडूं लागतो. लाल द्रव्य पेशीच्या रसांत विरघळलेलें असतें, म्हणून तें पाण्यांत उतरतें. हरितद्रव्य पाण्यांत विरघळत नाहीं, म्हणून तें पानांतच राहतें. म्हणजे तांबड्या पानांतही काम करणारा हरितकण असतोच. त्याच्यावर तांबड्या रंगाचें एक आवरण चढलेलें असतें, इतकेंच.

हीं लाल द्रव्यें सर्व वनस्पतींत एकाच जातीचीं नसतात. माठ आणि बीट यांतील लाल द्रव्य बीटालेन या वर्गांतलें आहे. टाकींत लावली जाणारी, दक्षिण अमेरिकेंतून आलेली आल्टरनँथेरा रायनेकी ही तांबडी वनस्पति आपल्या माठाच्याच कुळांतली आहे. जांभूळ, वांग्याची साल, जास्वंदीचें फूल यांतील द्रव्य निराळें. त्याला अँथोसायनिन म्हणतात. टाकींतल्या बहुतेक तांबड्या रोपांचा रंग या दुसऱ्या द्रव्यामुळें आलेला असतो.

वनस्पति हें द्रव्य बनविते तरी कशासाठीं? आंब्याची कोवळी पालवी आपण सर्वांनीं पाहिली आहे. ती प्रथम तांब्यासारखी लालसर असते आणि पान जून होऊं लागलें कीं हिरवी होते. कोवळ्या पानांत प्रकाश पचविण्याची यंत्रणा पुरती बसलेली नसते, आणि ऊन तर पहिल्या दिवसापासून पडत असतें. हरितद्रव्यानें शोषलेली शक्ति साखर बनविण्यांत खर्च झाली नाहीं, तर ती पेशींतल्याच प्राणवायूला विघातक रूप देते आणि आंतील नाजूक रचना बिघडविते. अँथोसायनिन हिरवा आणि निळसर-हिरवा प्रकाश स्वतः शोषून घेतें, त्यामुळें हरितकणांवरचा भार हलका होतो. उन्हाळ्यांत पश्चिमेच्या खिडकीला आपण वाळ्याचा पडदा लावतों, त्यांतलाच हा प्रकार. परंतु ज्या घरांत ऊन शिरतच नाहीं, तेथें वाळ्याच्या पडद्यावर कोणी पैसे खर्च करीत नाहीं. वनस्पतीचेंही तसेंच आहे. लाल द्रव्य बनवावयास साखर लागते. प्रकाश मंद असला कीं साखर आधींच बेताची. मग तिच्यांतून पडद्याचा खर्च कशाला करावयाचा? म्हणून मंद प्रकाशांत आलेलें नवें पान हिरवें येतें.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. दुकानांत सर्रास मिळणारी रोटाला रोटुंडिफोलिया ही वनस्पति दक्षिण आणि आग्नेय आशियांतली आहे. भारतांतही ओलसर जागीं आणि भातखाचरांच्या आसपास ती वाढते. तिच्या नांवाचा अर्थ गोल पानांची असा आहे, पण टाकींत तिचीं पानें लांबट आणि अरुंद दिसतात. याचें कारण असें, कीं पाण्याबाहेर वाढतांना तिला गोल पानें येतात आणि पाण्याखालीं अरुंद येतात. रोपवाटिकांत पुष्कळदां अशीं रोपें पाण्याबाहेर वाढवितात. तीं टाकींत बुडविलीं कीं जुनीं पानें गळतात आणि नव्या जातीचीं पानें येतात. त्यामुळें पहिल्या तीन-चार आठवड्यांतल्या स्थित्यंतरावरून प्रकाशाविषयीं कांहींच निष्कर्ष काढूं नये.

रोप स्थिरावल्यावर मात्र प्रकाशाचा परिणाम स्पष्ट दिसतो. प्रकाश मंद असेल तर रोटालाचीं पानें हिरवीं राहतात, दोन पेरांतील अंतर वाढतें, खोड दिव्याच्या दिशेनें उंच धांवतें आणि बुंध्याकडचीं पानें झडतात. प्रकाश भरपूर असेल तर पेरें आंखूड होतात, रोप दाट भरतें, आणि शेंडे गुलाबी, नारिंगी किंवा तांबूस होतात. पुष्कळदां एकाच दांड्यावर वरचीं पानें गुलाबी आणि खालचीं हिरवीं असतात. खालच्या पानांवर वरच्या पानांची सावली असते आणि दिवाही त्यांच्यापासून दूर असतो, एवढाच त्याचा अर्थ. सावलींत वाढलेल्या पानांत हरितद्रव्याचा प्रकाश गोळा करणारा भाग अधिक मोठा असतो; थोडक्या प्रकाशांत भागवावयाचें म्हणून वनस्पतीनें केलेली ती सोय होय.

याशिवाय आणखी एक झटपट होणारा बदल आहे. प्रखर प्रकाश पडतांच कित्येक पानांतील हरितकण पेशीच्या समोरच्या भिंतीवरून सरकून बाजूच्या भिंतींना लागून उभे राहतात, आणि त्यामुळें पान थोडें फिकट दिसतें. प्रकाश कमी झाला कीं ते पुनः पसरतात. ही हालचाल तासाभराच्या आंत होऊं शकते. म्हणून भर दुपारीं पान जरा फिकट वाटलें, तर लगेच घाबरून जाण्याचें कारण नाहीं.

आतां प्रश्न असा, कीं प्रकाश भरपूर आहे कीं मंद, हें ओळखावयाचें कसें? येथें आपला डोळा आपल्याला दगा देतो. प्रकाश मोजण्याचें लक्स नांवाचें एक माप आहे. भर दुपारच्या उघड्या उन्हांत सुमारें १,००,००० लक्स प्रकाश असतो. रात्रीं दिवा लावलेल्या आपल्या दिवाणखान्यांत तो १०० ते ३०० लक्सच्या आसपास असतो. म्हणजे दोहोंत शेंकडों पटींचें अंतर आहे. पण डोळ्याची बाहुली लहान-मोठी होऊन आणि डोळ्याचा आंतला पडदा संवय करून घेऊन हें अंतर झांकून टाकतो, आणि दोन्हीं ठिकाणीं आपण सारख्याच सुखानें वाचूं शकतों. पानाला अशी सोय नाहीं. खोली आपल्याला लख्ख उजेडाची वाटली, तरी टाकीच्या तळाशीं असलेल्या रोपाला ती सायंकाळ वाटत असेल.

पाणी तांबडा प्रकाश खाऊन टाकतें आणि म्हणून पानें लाल होत नाहींत, असेंही कांहीं जण सांगतात. समुद्राच्या खोलींत तें खरें आहे. परंतु स्वच्छ पाण्याचा एक मीटर जाडीचा थर तांबड्या प्रकाशाचा साधारणतः चतुर्थांशापासून निम्म्यापर्यंत भाग शोषतो. घरगुती टाकीची खोली त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी असते. तेव्हां आपल्या टाकींत पाण्याच्या या गुणापेक्षां दिव्यापासूनचें अंतर, वर तरंगणाऱ्या पानांची सावली, झांकणाच्या कांचेवर सांठलेला क्षार आणि लांकूड बुडवून ठेवल्यानें पाण्याला आलेला चहासारखा रंग, यांनींच प्रकाश अधिक अडतो. नवा दिवा विकत घेण्यापूर्वीं झांकणाची कांच पुसून पाहावी, हा सल्ला हास्यास्पद वाटेल, पण तो फुकट जात नाहीं.

दिव्याच्या रंगाचीही एक गोम आहे. हल्लीं मिळणाऱ्या कांहीं एल.ई.डी. दिव्यांत तांबडा आणि निळा प्रकाश मुद्दाम जास्त ठेवलेला असतो. वस्तूवर जो प्रकाश पडतो त्यांतूनच तिचा रंग उमटत असल्यामुळें, अशा दिव्याखालीं जरासें तांबूस पानही लालबुंद दिसतें. पानाचा खरा रंग पाहावयाचा तर एक पान तोडून दिवसाच्या उजेडांत, खिडकीपाशीं धरून पाहावें. दुकानदारानें फसविलें असें आपण म्हणतों, त्यांतलें कांहीं श्रेय त्याच्या दिव्याला द्यावयास हवें.

पानाचा रंग बदलण्यास प्रकाशाखेरीज इतरही कारणें असतात, आणि तीं ओळखण्याची खूण सोपी आहे. बदल नव्या पानांत दिसतो कीं जुन्या, हें पाहावें. नवीं पानें पिवळसर आणि शिरा हिरव्या अशा दिसल्या, तर लोहाची वाण असण्याचा संभव असतो; हरितद्रव्य तयार होण्यास लोह लागतें आणि जुन्या पानांतलें लोह नव्याकडे सहज जात नाहीं. उलट, जुनीं पानें आधीं पिवळीं पडलीं तर नत्र कमी पडत असेल. नत्राच्या तुटवड्यांत वनस्पति जुन्या पानांतून तें काढून नव्यांना देते. मॅग्नेशियम हा तर हरितद्रव्याच्या कणाचा मध्यबिंदूच आहे. तें कमी पडलें तरीही जुनीं पानें शिरांच्या मधल्या भागांत पिवळटतात. याच संदर्भांत एक विलक्षण गोष्ट सांगितली पाहिजे. नत्राची उपासमार झाली कीं पुष्कळ वनस्पति अधिक तांबड्या होतात, कारण बनलेल्या साखरेचा नव्या वाढीसाठीं उपयोग करतां येत नाहीं आणि ती लाल द्रव्याकडे वळते. म्हणजे तांबडेपणा हें नेहमींच सुदृढपणाचें लक्षण असतें असें नाहीं. कधीं कधीं तें भुकेचेंही लक्षण असतें.

आतां त्या मोठ्या दिव्याकडे वळूं. दिवा वाढविला कीं पान लाल होईल, ही अपेक्षा सर्वस्वीं चुकीची नाहीं. पण चुलीचा जाळ वाढविला म्हणून भात वाढत नाहीं. भांड्यांत पाणी आणि तांदूळ तितकेच राहिले तर तो करपतो. प्रकाश वाढला कीं रोपाची कर्बाम्ल वायूची, नत्राची, लोहाची, सर्वच मागणी वाढते. हवेच्या मानानें पाण्यांत कर्बाम्ल वायु सुमारें दहा हजार पट मंद गतीनें पसरतो. त्यामुळें पानाभोंवतींचा वायु संपला कीं नवा येण्यास वेळ लागतो. रोप अडून बसतें, आणि त्यानें न वापरलेला प्रकाश शेवाळ्याच्या कामीं येतो. कांचेवर हिरवा थर चढतो, पानांवर काळपट केसाळ लव धरते, आणि ज्या रंगासाठीं हा खटाटोप केला तो रंग त्या थराखालीं दिसेनासा होतो.

याच्या पुढची पायरी अधिक धोक्याची आहे. वायु कमी पडतो म्हणून हौशी माणूस तो नळकांड्यांतून टाकींत सोडूं लागतो. बेतानें आणि लक्ष ठेवून केल्यास यांत वावगें कांहीं नाहीं. पण दिवे मालविल्यावर वनस्पति कर्बाम्ल वायु घेणें थांबविते, आणि तीही माशांप्रमाणें प्राणवायु खर्चूं लागते. रात्रभर वायु चालू राहिला तर तो पाण्यांत सांचतो, आणि सकाळीं मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें वासतांना दिसतात. आपल्याकडील उन्हाळ्यांत हें अधिकच बिकट होतें. वीस अंश तपमानाच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो; तेंच पाणी तीस अंशांवर गेलें कीं साडेसात मिलिग्रॅमच मावतो. पान हिरवें राहिलें तर बिघडत काहींच नाहीं. मासा गुदमरला तर तो परत येत नाहीं. दोहोंतलें तारतम्य घरांतल्या मुलांनाही समजावून सांगावें असें मला वाटतें.

मग करावें तरी काय? दिवा रोज ठराविक वेळीं लावावा आणि ठराविक वेळीं मालवावा. सहा ते आठ तास प्रकाश बहुतेक टाक्यांना पुरतो. टाकी थेट उन्हांत ठेवूं नये, कारण शेवाळें आणि तपमान हीं दोन्हीं त्यानें एकदम वाढतात. खिडकीच्या उजेडावर टाकी अवलंबून असेल, तर पावसाळ्यांतील अभ्राच्छादित दिवस आणि त्यानंतरचें आश्विनांतलें ऊन यांतील फरक पानांवर उमटणारच, हें गृहीत धरावें. प्रकाश वाढवावयाचाच असेल तर तो एकदम न वाढवितां कांहीं आठवड्यांत थोडा थोडा वाढवावा. क्रिप्टोकोरीनसारख्या वनस्पति तर परिस्थितींतला अचानक बदल मुळींच सोसत नाहींत. त्यांचीं पानें दोन-चार दिवसांत विरघळल्यासारखीं नाहींशीं होतात. मुळें शाबूत असतात, म्हणून असें झालें तरी रोप उपटून टाकूं नये. पुष्कळदां तें पुनः फुटतें.

प्रत्येक बदलानंतर निदान तीन आठवडे थांबावें आणि निकाल नव्या पानांवरूनच ठरवावा. जुन्या पानाचा रंग हा होऊन गेलेल्या दिवसांचा जमाखर्च असतो. आजच्या प्रकाशाचें उत्तर शेंड्यावरच्या नव्या पानांत लिहिलेलें असतें. आणि ज्यांच्या घरीं प्रकाश बेताचाच आहे, त्यांनीं तांबड्या रोपांचा हव्यास सोडून व्हॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरीन, जावा फर्न, अनुबियास अशा अल्पसंतुष्ट वनस्पति लावाव्या. त्यांच्या हिरव्या रंगांतही फिकट, पोपटी, गडद आणि तपकिरी झांक असलेला असे कितीतरी प्रकार असतात.

तेव्हां श्रोतेहो, आपल्या टाकींतलें तांबडें रोप हिरवें होऊं लागलें, तर प्रथम तें वाढतें आहे कीं नाहीं, नवीं पानें धड आहेत कीं नाहींत, आणि मासे तळाशीं व मध्यावर स्वस्थपणें फिरत आहेत कीं नाहींत, एवढें पाहावें. या तीन गोष्टी ठीक असतील, तर मोठा दिवा आणण्याचा बेत खुशाल पुढें ढकलावा.